मधली जेवते कधी

तपासणीला आलेल्या बाईंनी पडद्यावरच्या एका नावावर बोट ठेवलं आणि चहात साखर किती घालू असं विचारावं तितक्या सहज विचारलं, "ही मधली जेवते कधी?"

काचेच्या खोलीत तिघंच होती. साहेब हसले. परवानेवाली हसली नाही, कारण तिला उत्तर माहीत होतं.

पडद्यावर मधलीचा अख्खा महिना पसरला होता. ही बाई उजाडायच्या आत कामाला बसते. दुपारी बसलेली, संध्याकाळी बसलेली, लोक दिवे मालवतात तेव्हाही बसलेलीच. सुट्टी नाही, सर्दी-पडसं नाही, नात्यात कुणाचं लग्न नाही. वर सकाळी ती गावाच्या एका टोकाला असते आणि दुपारी दुसऱ्या. तिच्या वर थोरली, खाली धाकटी आणि पाहुणी. त्यांचीही तीच तऱ्हा.

बाईंनी विचारलं, बहिणी आहेत का. परवानेवालीने सांगितलं, त्या बाया नाहीत, खुर्च्या आहेत.

साहेब पुन्हा हसले, पण या वेळी जरा जपून.

*

परवानेवाली ज्या कंपनीत होती ती दुसऱ्यांचे संगणक आपल्या घरी सांभाळायची. वरच्या मजल्यावर एक थंडगार खोली, तीत कपाटांसारखे उभे केलेले सर्व्हर, आणि गावभर लोकांच्या टेबलांवर नुसत्या डब्या. डबी म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढा खोका. पोटात काही नाही. बटण दाबलं की वरच्या खोलीशी बोलते, तिथला संगणक इथे पडद्यावर आणून दाखवते. बंद केली की कोरी. चोर-भामट्यांपासून राखण करणारं सॉफ्टवेअर असतं तेही वर, सर्व्हरवर, आणि त्याचे परवाने मोजून घ्यावे लागतात. कुणाला किती द्यायचे, कुणाकडून काढून घ्यायचे, मुदत संपायच्या आत नवे कसे करायचे, हे तिचं काम. म्हणून ऑफिसात ती परवानेवाली आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर बारा महिने शाल.

आतापर्यंत परवाने खुर्चीवर, म्हणजे आत शिरायच्या नावावर, मोजले जात. एका वेळी चौघी बसणार असतील तर चार. मग दिवसभरात त्या चारांवर दहा जणी बसून उठल्या तरी कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या नव्या करारात माणसं मोजणार होते; तपासणीच्या बाई त्यांच्याकडच्याच. दहा जणी तर दहा परवाने. आणि ज्यांचं टायपिंगचं काम या बाया करत, त्या मंडळींनी कळवून टाकलं होतं की अर्धा दिवस भरणारीच्याच नावाने परवाना घेऊ, बाकीच्यांना नमस्कार.

नऊ जणी अर्धा दिवस भरत होत्या. दहावी सकाळी तासभर बसायची.

दहावी म्हणजे परवानेवालीची मोठी जाऊ.

*

मागे जायचं तर नेमकं किती मागे जावं हा प्रश्नच आहे. ती या घरात धाकटी सून म्हणून आली, तिथवर जाऊ.

आली तेव्हा तिला वाटलं होतं, मोठी जाऊ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा आणि टोमणे. निघाली वेगळीच. हिच्या कानाला स्पंज उडालेले हेडफोन, पायाखाली काळं पेडल, आणि दुपारच्या भांड्यांचा ढीग तसाच ठेवून ही खडाखडा टाइप करतेय. दवाखान्यांतले डॉक्टर बोलून ठेवायचे, रुग्णाचं वय काय, दुखतं कुठे, औषध काय दिलं, आणि ते ऐकून हिने उतरवायचं. पेडल दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प. जाऊबाई सांगायच्या, एवढे शिकलेसवरलेले पुरुष, सगळे माझ्या पायाखाली. तुझ्या भाऊजींना तेवढं हे पेडल बसवता आलं नाही.

भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, बाजूच्या खोलीत मुलांच्या शिकवण्या घेत. हे ऐकू जावं इतक्याच मोठ्याने त्या म्हणायच्या.

त्यांनी धाकट्या जावेला टायपिंग शिकवलं ते कोंबडी दाणे टिपते तसं एका बोटाने मारायची तिची सवय मोडून. मग काम देणाऱ्या मंडळींनी डब्या वाटल्या, चार खुर्च्या मंजूर केल्या, आणि खुर्च्यांना नावं काय द्यायची असा फोन आला तेव्हा जाऊबाईंनी फोडणीला टाकायच्या घाईत सांगून टाकलं: थोरली, मधली, धाकटी. चौथी? चौथी पाहुणी. झालं. तीच नावं वरच्या खोलीत कोरली गेली आणि इतकी वर्षं राहिली.

बाया वाढत गेल्या, खुर्च्या चारच राहिल्या. तिथून ती रीत पडली.

उठताना फोन करायचा. आपल्यामागून त्या खुर्चीवर जी बसणार तिला. "उठले गं." पलीकडून "बसते." बस, एवढंच. फोन न करता कुणी बसायचं नाही, कारण एकाच नावावर दुसरी आत शिरली की पहिली बाहेर फेकली जायची. पडदा काळा, डॉक्टर अर्ध्या वाक्यात मुके. याला ढकलणं म्हणत. ढकलणारीला आठवडाभर सगळ्या जणी एकमेकींकडे नावं ठेवत, आणि नावं ठेवायलाही पुन्हा फोनच.

दोघी जावा एका घरात, एका भिंतीच्या आड. तरी जाऊबाई फोन करायच्या. परवानेवालीने एकदा भिंतीपलीकडूनच ओरडून सांगितलं, अहो, मला ऐकू आलं खुर्ची सरकलेली. जाऊबाईंनी फोन ठेवला नाही. ती उचलेपर्यंत वाजू दिला. रीत ती रीत.

*

(फोनवर. एकाच बाजूचं. कुठल्याही सकाळचं.)

उठले गं. नाही, आज जरा उशीर झाला, तो खोकणारा डॉक्टर होता, मधे मधे खोकतो आणि आपण समजायचं की पुढचा शब्द.

उठले. तू बस. का गं, आवाज असा का? रडलीस का?

उठतेच आहे. एक परिच्छेद. अगं एकच. मग तू नाही का काल तीन परिच्छेद म्हणून तासभर बसवलंस मला?

उठले गं. आणि ऐक, ताप उतरला का दोघांचा? एकाचाच? मग दुसऱ्याचा उद्या उतरेल, जुळ्यांचं तसंच असतं, सगळं रांगेत.

उठले. काही नाही, सहजच बोलत राहिले. बस तू.

*

त्या कधी भेटल्या नाहीत. कारणच पडलं नाही. एक जुळ्यांची आई होती, जिच्या फोनमागे कायम काहीतरी सांडत असायचं. एक बँकवाली, आयुष्यभर बँकेत घालवून निवृत्त झालेली, नवरा अंथरुणाला खिळलेला. ती "उठले" म्हणायच्या आधी घसा साफ करायची. एक गाणारी, जी टाइप करताना गुणगुणायची आणि फोनवर येतानाही सूर सोडायची नाही. परवानेवालीने या बायांना मनात चेहरे देऊन टाकले होते. बँकवालीला तिने आपल्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा चेहरा दिला होता, चष्म्यासकट.

तीही त्यांच्यातलीच एक होती, बरीच वर्षं. जाऊबाईंच्या मागून मधलीवर तीच बसायची. मग वरच्या खोलीवाल्या कंपनीला कुणीतरी हवं होतं खुर्च्यांचा मेळ घालणारं, आणि दहा जणींचा मेळ ती नाहीतरी घालतच होती. तिने नोकरी धरली, नवऱ्यासोबत ऑफिसजवळ राहायला गेली. तिची वेळ जुळ्यांच्या आईने घेतली.

ऑफिसात तिला तिची खुर्ची मिळाली. स्वतःची, फिरणारी, हात टेकायला जागा असलेली. पहिल्या दिवशी काम संपवून ती उठली आणि तिचा हात फोनकडे गेला. मग लक्षात आलं की सांगायचं कुणालाच नाही. तिने शाल घडी करून पाठीवर टाकली आणि घरी गेली.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

*

तपासणीवाल्या बाई वाईट नव्हत्या, हीच पंचाईत होती. केस बारीक कापलेले, आवाज हळू, आणि समोरचा बोलत असताना स्वतः मधे न बोलायची सवय. परवानेवालीने सगळं सांगितलं, रीत, फोन, ढकलणं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. जाऊबाई एकाच घरात या खोलीतून त्या खोलीत फोन करायच्या, हे ऐकताना त्यांच्या डोळ्यांत खरंच मजा आलेली दिसली. मग त्यांनी विचारलं की उद्या एखाद्या रुग्णाचं दुखणं त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडी झालं, तर विचारायचं कुणाला? मधलीला?

हेच तर ती स्वतः दर वर्षी दुसऱ्या ऑफिसांना जाऊन बजावायची. पासवर्ड कुणाला देऊ नका, सख्ख्या बहिणीला देऊ नका. आणि इथे दहा जणी एकच पासवर्ड वर्षानुवर्षं वापरत होत्या, आणि तो म्हणजे तिच्याच धाकट्या मुलाचं लाडाचं नाव.

तर मग माणसं मोजायची. नऊ नावं ठरलेली. दहावं नाव तिने त्या दिवशी साहेबांपुढे ठेवलं. कंपनीच्या स्वतःच्या वाट्याचे थोडे परवाने असत, चाचणीसाठी, अडीअडचणीला. त्यातला एक जाऊबाईंच्या नावाने करा, म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने साहेबांकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं, आणि तेही तिने बोलून दाखवलं. साहेबांनी खुर्ची मागे झुकवली, छताकडे बघितलं आणि म्हणाले की जावाजावांचं एवढं गूळपीठ आपण पहिल्यांदाच बघतोय. मग हो म्हणाले.

ती जिने उतरली ते जवळजवळ पळतच.

*

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी ती जुन्या घरी गेली. दार लोटलेलंच होतं. जाऊबाई कामात होत्या, म्हणून ती भिंतीला टेकून बसली, पूर्वी शिकताना बसायची तशीच.

जाऊबाईंनी न्हाऊन वेणी घातली होती. घरात बघणारं कुणी नसताना इस्त्रीची साडी. डबीवर चष्म्याचं घर ठेवलेलं, कारण डबी गरम होते आणि थंडीत चष्मा घालताना नाकाला बरं वाटतं, असं त्यांचं शास्त्र. बोटं आता हळू चालत होती. एकेक शब्द त्या मागे घेऊन पुन्हा ऐकत होत्या. शेवटचा परिच्छेद संपला तेव्हा त्यांनी हेडफोन गळ्यात ओढला, फोन उचलला, आणि धाकट्या जावेला डोळ्यांनीच थांब म्हटलं.

"उठले गं," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. जुळ्यांतल्या मोठ्याचा दात पडला होता. धाकट्यालाही पाडून हवा होता. त्यांनी त्यावर दोन सल्ले दिले, तिसरा आठवला म्हणून पुन्हा फोन केला, आणि मग खरंच उठल्या.

तिने बातमी सांगितली. नवा करार, माणसं मोजणं, अर्धा दिवस, साहेब, आणि शेवटी, अगदी शेवटी, पदराआडून खाऊ काढावा तसा तो परवाना.

जाऊबाई गुडघे चोळत ऐकत होत्या.

"म्हणजे आता माझी मी," त्या म्हणाल्या.

"हो. तुमच्या नावाची. दिवसभर बसलात तरी कुणी ढकलणार नाही."

"आणि उठले की?"

"उठलात की उठलात."

"फोन?"

"फोनची गरजच नाही आता. ज्याची त्याची खुर्ची."

जाऊबाईंनी मान डोलावली, कुणीतरी दूरच्या नात्यातलं गेल्याचं कळल्यावर डोलावतात तशी. मग उठून पाण्याचा तांब्या आणला, तिच्यापुढे ठेवला, आणि परत बसल्या.

"छोटे, तू माझ्यासाठी शब्द टाकलास, मला कळतंय ते. पण ऐक. तुझे भाऊजी गेल्यापासून या घरात मी कधी उठते नि कधी निजते याचा कुणाला पत्ता नसतो. लेक रविवारी फोन करतो, तोवर मी आठवडाभराची उठून बसून झालेली असते. सकाळी तेवढी एक बाई आहे जगात, पोरांचे डबे भरून घड्याळाकडे बघत बसलेली, की ही म्हातारी उठते कधी एकदाची. चरफडत असेल माझ्यावर. चरफडू दे. वाट तर बघते ना?"

ती तांब्यातलं घोटभर पाणी प्यायली.

"तू सिंहासन आणलंस गं माझ्यासाठी. ज्यावर कुणी टपलेलं नाही असल्या खुर्चीत बसून मी करू काय? मग मी बसले काय नि उठले काय, कुणाचं काय अडतंय? देऊन टाक ते कुणालातरी. मी आपली घरचं बघेन."

*

घरचं बघेन. घरात बघायला होतं काय? ती रस्त्याने रागारागाने चालत होती, आणि राग कुणाचा हे तिला ठरवता येत नव्हतं. एवढं करून आणावं आणि समोरच्याने तांब्याभर पाणी देऊन वाटेला लावावं. साहेबांपुढे तोंड वेंगाडलं ते फुकट. म्हातारपणी माणसं हेकट होतात, दुसरं काय, असं ती स्वतःला सांगत कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथे फुलवाल्याच्या बादलीशी उभी राहिली, कारण तिला तिच्या स्वतःच्या पहिल्या दिवसाची ती शाल आठवली. शाल घडी करताना ऑफिसात किती शांत होतं ते आठवलं. आणि मधलीवरून उठायला तिला कधी उशीर झाला तर पलीकडची बाई फोनवर नुसता श्वास सोडायची, तो श्वास. त्या श्वासाचा तेव्हा किती राग यायचा, आणि आता कुणी तसा एक श्वास जरी सोडला असता तरी…

ऑफिसात तपासणीवाल्या बाई सामान आवरत होत्या. हिने शाल न घेताच त्यांना गाठलं आणि विचारलं की माणसं सोडून दुसरं काही मोजता येत नाही का.

बाईंनी बॅगेची चेन अर्धीच ठेवली. येतं की, म्हणाल्या. डबी मोजता येते. परवाना डबीच्या नावाने करायचा, मग तिच्यापुढे कितीही जणींनी बसावं, फक्त आपापल्या नावाने आणि आपापल्या पासवर्डाने. कारखान्यांत पाळ्या बदलतात तिथे असंच असतं. पण तुमच्या बाया आपापल्या घरी बसतात, दहा घरं म्हणजे दहा डब्या. त्यात तुमचा काय फायदा? म्हणून मी बोलले नाही.

"आणि चार डब्या एकाच घरात असल्या तर?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बॅग खाली ठेवली आणि अटी सांगितल्या. खोलीला वेगळं दार हवं. कुलूप हवं. कानाला हेडफोन हवेत, डॉक्टरांचा आवाज खोलीत यायला नको. आणि त्या चार नावांना जावं लागेल. ती कुणाचीच नावं नाहीत.

*

भाऊजींच्या शिकवण्यांची खोली. लांब टेबल अजून तिथेच होतं, पोरांनी कंपासने कोरलेलं. रस्त्याकडे स्वतःचं दार होतं.

जाऊबाईंनी आधी साफ नाही म्हटलं. माझ्या घरात आठ-नऊ बाया? चपला कुठे काढणार? पाणी मागतील, आरशात बघतील, जाताना पंखा चालू ठेवतील. दोन दिवसांनी फोन आला, पण तो टेबलाचा एक पाय हलतो आहे आणि सुताराला सांगितलंय एवढंच कळवायला. हिने त्यापुढे काही विचारलं नाही. काम देणाऱ्या मंडळींना नावांच्या भानगडीपेक्षा चार डब्या सोप्या वाटल्या.

सगळ्या मात्र आल्या नाहीत. बँकवालीला नवऱ्याला सोडून तासभरही बाहेर पडता येणार नव्हतं. तिच्या एकटीच्या नावाने परवाना झाला, घरी, अर्धा दिवस. तिने हे सांगायला फोन केला तेव्हा आधी घसा साफ केला. शेवटी म्हणाली, चला, बसते.

नावं काढायचं काम परवानेवालीचंच. पडद्यावर खूण करायची, खात्री आहे का असं यंत्र विचारतं, हो म्हणायचं. पाहुणी गेली. धाकटी गेली. थोरली गेली. मधलीपाशी ती थांबली, कारण मधली अजून हिरवी होती; कुणीतरी बसलं होतं. तिने वाट पाहिली. चहा आला, निवला. हिरवा ठिपका करडा झाला तेव्हा तिला ठाऊक होतं की आत्ता, या क्षणाला, गावात कुठेतरी एक बाई फोन उचलून ते दोन शब्द बोलते आहे आणि दुसरी त्यावर एकच, आणि हे आता पुन्हा होणार नाही. तिने हो म्हटलं.

यादी कोरी झाली. दुसऱ्या दिवसापासून तिथे खऱ्या बायांची नावं आली, आडनावांसकट. तिला ती अनोळखी वाटली. गाणारीचं नाव असलं असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

*

पहिली सकाळ.

परवानेवाली ऑफिसला जायच्या आधी तिथे पोचली, तारा नीट लागल्या आहेत ना ते बघायला, असं ती म्हणाली. बाया एकेक करून आल्या आणि दाराशी चपला काढून, पदर-ओढण्या सावरत, पाहुण्यांच्या घरी आल्यासारख्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कुणी कुणाला ओळखेना. वर्षानुवर्षं एकमेकींच्या सासूची, पोटदुखीची, उसन्या साखरेची सगळी खबर असलेल्या बाया एकमेकींना "तुम्ही लांबून आलात का" विचारत होत्या. मग एका उंच, रुंद खांद्यांच्या बाईने खुर्ची ओढताना नकळत सूर लावला आणि खोलीभर एकदम "अगं, तू होय!" झालं. हिने गाणारी नाजूक कल्पिली होती, मनगटं कांडीसारखी. ही तर कपाट एकटी सरकवेल अशी होती.

तरी गप्पा जमेनात. फोनवर ज्या बाया रडल्या होत्या त्या समोरासमोर हवापाण्याचं बोलत होत्या. चेहरे मधे येत होते. जुळ्यांची आई तर इतकी लहान निघाली, जवळजवळ पोरच, की जाऊबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढ्या दिवसांचे सल्ले आपण हिला दिले होय, अशा चेहऱ्याने चष्मा पुसला.

जाऊबाईंचा तास सुरू होता. खिडकीजवळची डबी त्यांची. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप करून आत प्रवेश केला होता, आणि चुकलेल्या पासवर्डाचा दोष कळफलकाला दिला होता. त्यांच्या खुर्चीमागे जुळ्यांची आई उभी. तिची पाळी त्यांच्या मागून. पोरं शाळेतून सुटायच्या आत तिला काम उरकून घरी पोचायचं होतं. आधी ती पदराशी चाळा करत होती, मग घड्याळाकडे, मग जाऊबाईंच्या पाठीकडे, मग पुन्हा घड्याळाकडे बघू लागली.

तास भरला. जाऊबाई उठेनात.

परवानेवाली कडेला उभी होती, तिथून तिला पडदा दिसत होता. काम झालं होतं. डॉक्टर कधीच गप्प झाले होते, शेवटच्या ओळीखाली पूर्णविराम देऊन झाला होता. जाऊबाईंनी बाणाने कागद पुन्हा अगदी वर नेला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सावकाश. ओठ हलवत. मधेच एक स्वल्पविराम काढला. थोडं पुढे जाऊन परत आल्या आणि तो होता तिथे ठेवला.

मागून एक लांब श्वास आला.

जाऊबाईंची पाठ ताठ झाली. मानेपासून खांद्यांपर्यंत काहीतरी सैलावलं आणि सरळ झालं, ऊन अंगावर आलं की होतं तसं. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

"आजी, आवरा की हो," जुळ्यांची आई म्हणाली. आवाज तोच होता, फोनवरचा, त्यात आता भीडबीड काही नव्हती. "पोरं दारात उभी राहतील माझी."

"एवढा परिच्छेद."

"तो झालाय मघाशीच. मला दिसतंय इथून."

"दिसतंय तर गप्प बघ. तपासतेय मी."

"रोज एवढं तपासता?"

"तू असतेस का रोज बघायला?"

यावर ती पोर हसली आणि तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढून जाऊबाईंच्या अगदी शेजारी आणलं, खांद्याला खांदा लागेल असं. बसली. मोठ्याचा दुसराही दात हलतोय, म्हणाली, आणि धाकट्याने आता दोरा मागितलाय. जाऊबाईंचे डोळे पडद्यावरच होते, पण हात थांबला होता. त्या म्हणाल्या, दोरा अजिबात द्यायचा नाही, आणि का द्यायचा नाही ते त्या सांगू लागल्या. खुर्चीतून उठायचं लक्षण दिसत नव्हतं. स्टुलावरच्या बाईलाही घड्याळाचा विसर पडलेला दिसत होता.

परवानेवालीला उशीर झाला होता. निघते हं, असं ती म्हणाली, दारात चपलांच्या ढिगातून आपली जोडी शोधताना पुन्हा एकदा म्हणाली. आतून कुणी ओ दिली नाही. दात, दोरा, आणि त्यावर गाणारीने लांबून घातलेली भर, एवढंच ऐकू येत होतं. ती चपला घालून थोडा वेळ पायरीवर उभी राहिली, मग ऑफिसच्या वाटेला लागली.